न्यूयॉर्कचे इटालियन बघायचे तर ईस्ट हार्लेमला जा

नदीकाठ

न्यूयॉर्कला आलेले पाहुणे 'लिटल इटली बघायचीय' म्हणाले की त्यांना मल्बेरी स्ट्रीटवर नेणं सगळ्यात सोपं. डोक्यावर लाल-पांढऱ्या-हिरव्या पताका, फुटपाथवर मांडलेली टेबलं, दारात उभं राहून आत बोलावणारे वेटर. जेवण होतं, फोटो होतात, मंडळी खूश होतात. पण २०१० च्या अखेरीस जाहीर झालेल्या जनगणना खात्याच्या पाहणीत त्या वस्तीत इटलीत जन्मलेला एकही रहिवासी सापडला नव्हता. त्याच वर्षी तो भाग आणि शेजारचं चायनाटाऊन मिळून एकच ऐतिहासिक परिसर म्हणून नोंदवला गेला.

तिथे इतिहास नाही असं मला म्हणायचं नाही. कॅनॉल स्ट्रीटच्या दक्षिणेला मल्बेरी बेंड नावाचा वळणाचा भाग होता. तिथल्या कोंदट खोल्या आणि बोळ जेकब रीस या पत्रकाराने कॅमेऱ्यात पकडले आणि इतकं लिहिलं की अखेर शहराने ती वस्ती पाडून १८९७ मध्ये तिथे बाग केली. आज ते कोलंबस पार्क आहे आणि तिथे चिनी आजोबा पटावर माना घालून बसलेले असतात. माझा मुद्दा असा, की न्यूयॉर्कच्या इटालियनांची खरी गोष्ट जेवणाच्या टेबलावर कळत नाही. ती कळते उत्तरेला, ईस्ट हार्लेममध्ये, जिथे आज पाहुण्यांना कुणीच नेत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. १८८० ते १९२० या चाळीस वर्षांत सुमारे ४० लाख इटालियन अमेरिकेत आले. एकट्या १९०७ साली २ लाख ८५ हजारांहून जास्त. यातले बहुतेक दक्षिणेचे: नेपल्सच्या आसपासचा कंपानिया, बाझिलिकाता, कालाब्रिया आणि सिसिली. इटली १८६१ मध्ये एक राज्य झालं खरं, पण दक्षिणेच्या शेतमजुराच्या वाट्याला आला तो दळणावरचा कर आणि पोरांची सक्तीची लष्करभरती. जमीन बड्या जमीनदारांची, सखल भागात मलेरिया, वरून द्राक्षवेलींना फायलॉक्सेराची कीड. घरातला धडधाकट पुरुष बोटीत बसला तो चार वर्षं राबून, पैसे गाठीशी बांधून परत यायच्या बोलीवर. आणि खूप जण खरोखरच परत गेले. ही गोष्ट आपल्याकडे कुणी सांगत नाही. स्वातंत्र्यदेवीकडे बघून डोळे भरून येणारा स्थलांतरित सगळ्यांना ठाऊक असतो. हंगाम संपल्यावर परतीचं तिकीट काढणारा कुणाला आठवत नाही.

बोटीतून उतरला तो माणूस स्वतःला इटालियन म्हणवत नव्हता. तो आपल्या गावचा होता. मल्बेरी स्ट्रीटवर नेपल्सकडचे आणि दोन गल्ल्या पलीकडे एलिझाबेथ स्ट्रीटवर सिसिलीचे. बोली वेगळी, गावचा संत वेगळा, सोयरीक आपापल्यातच. सगळ्यांना एकजात 'इटालियन' ठरवलं ते आयरिश मुकादमाने, घरमालकाने, शाळेतल्या बाईंनी.

ईस्ट हार्लेममध्ये पहिले इटालियन १८७० च्या दशकात ट्रामचे रूळ टाकायला आले. पन्नास-साठ वर्षांत नदीच्या बाजूचा तो पट्टा देशातली सर्वात मोठी इटालियन वस्ती झाला. सालेर्नो प्रांतातल्या पोल्ला गावच्या लोकांनी १८८१ च्या सुमारास आपल्या गावच्या माउंट कार्मेलच्या मातेचा, म्हणजे मेरीमातेचा, उत्सव एका वाड्याच्या अंगणात सुरू केला. पुढे ११५व्या रस्त्यावर देऊळ उभं राहिलं. दिवसभर मजुरी करून आलेल्या माणसांनी रात्री पाया खणला, भंगारवाल्यांनी हातगाड्या दिल्या. आणि देऊळ झाल्यावर ज्यांनी पाया खणला त्यांना प्रार्थनेसाठी जागा मिळाली ती तळघरात. वरचा सभामंडप इतरांसाठी. मातेची मूर्तीही त्यांच्यासोबत कित्येक वर्षं खालीच होती.

तरी १६ जुलैला सगळा परिसर तिचाच असायचा. बायका भर उन्हात तापलेल्या डांबरावर अनवाणी चालायच्या. नवस फेडायला स्वतःच्या वजनाइतकी मेणबत्ती न्यायच्या. ती एकट्याने उचलत नसे, घरचे लोक हात लावायचे. ज्याचा पाय बरा झाला तो मेणाचा पाय वाहायचा, ज्याचा हात बरा झाला तो मेणाचा हात. १९०४ मध्ये पोपच्या मान्यतेने मूर्तीला मुकुट चढवला गेला, तो लोकांनी काढून दिलेल्या अंगठ्या आणि कानातलं वितळवून. हे दागिने कुणाचे होते? कपड्यांना काजं-बटणं करून दिवसाला काही सेंट मिळवणाऱ्या बायकांचे.

मला या वस्तीबद्दल मनापासून आस्था आहे. इथल्या मराठी मंडळींना आणखी काय ठाऊक आहे ते वाचायला आवडेल.

निंबोणी

फार आवडला धागा. मेणाच्या हातापायांचं वाचून अंगावर काटा आला, कारण मी वांद्र्याची. सप्टेंबरात माउंट मेरीच्या जत्रेत टेकडी चढताना दोन्ही बाजूंना हेच विकायला असतं: मेणाचा हात, पाय, डोकं, बाळ, घरसुद्धा. आमच्या शेजारच्या हिंदू काकू दर वर्षी मेणाचं बाळ वाहायच्या, मुलीला मूल होईपर्यंत. एकाच धर्माची एकच रीत वांद्र्यातही आणि हार्लेममध्येही.

तळघराचं मात्र कळलं नाही. चर्च कॅथलिक, माणसं कॅथलिक. मग अडचण कशाची?

नदीकाठ

निंबोणी, अडचण आयरिश विरुद्ध इटालियन अशी होती. न्यूयॉर्कच्या कॅथलिक चर्चची सूत्रं आयरिश मंडळींच्या हातात होती. त्यांना मिरवणुका, बँड, मूर्तीवर टाचलेल्या नोटा, हे सगळं अडाणीपणाचं वाटायचं. शिवाय दक्षिण इटलीचा पुरुष रविवारी चर्चला जायचा नाही आणि दानपेटीत पैसे टाकायचा नाही, ही तक्रार.

मदर काब्रिनीचं उदाहरण घ्या. लोंबार्दीची ही जोगीण चीनला जायची स्वप्नं बघत होती. पोप लिओ तेरावे म्हणाले, पूर्वेला नको, पश्चिमेला जा. १८८९ मध्ये ती सोबतच्या भगिनींना घेऊन न्यूयॉर्कला उतरली, तर इथले आर्चबिशप म्हणाले की ठरलेली सोय झालेली नाही, तुम्ही परत जा. ती गेली नाही. अनाथालय काढलं, मग रुग्णालय. १९४६ मध्ये संतपद मिळालेली ती पहिली अमेरिकन नागरिक.

रानवारा

कामाबद्दल लिहितो, कारण मी स्वतः बांधकाम क्षेत्रातला आहे आणि या शहराच्या पोटात उतरलो की मला हीच माणसं आठवतात.

१८९५ मध्ये क्रोटन जलाशयाच्या कामासाठी मजूर हवे होते. त्या जाहिरातीत रोजाचे तीन दर होते. गोऱ्या मजुराला १.३० ते १.५० डॉलर, काळ्या मजुराला १.२५ ते १.४०, आणि इटालियन मजुराला १.१५ ते १.२५. म्हणजे इटालियन हा गोऱ्यात धरलेलाच नाही, आणि तिघांत सगळ्यात स्वस्त तोच. हे छापून आलेलं आहे, कुणी लपवलंसुद्धा नाही.

हा मजूर यायचा पद्रोनेमार्फत. पद्रोने म्हणजे मजूर पुरवणारा मुकादम, बहुधा त्याच्याच मुलखातला. तिकिटाचे पैसे तोच देणार, कामावर तोच लावणार, झोपायची फळी तोच देणार, किराणाही त्याच्याच दुकानातून चढ्या भावाने. गावी पाठवायचे पैसेही त्याच्याचकडे जमा, आणि चिठ्ठी लिहिणारा तोच. ज्याला लिहितावाचता येत नाही त्याची पूर्ण मुंडी त्याच्या हातात. अमेरिकेने कंत्राटी मजूर आणण्यावर १८८५ मध्ये कायद्याने बंदी घातली, तरी पद्रोने मंडळी गोदीवर उभी राहून माणसं उचलतच होती.

सबवेचा पहिला मार्ग २७ ऑक्टोबर १९०४ ला सुरू झाला. त्याचं खोदकाम करणाऱ्यांत इटालियन फार मोठ्या संख्येने होते. पहारी, फावडी, सुरुंग. जागोजाग रस्ता वरून उकरून खाली डब्याच्या आकाराचा बोगदा बांधायचा आणि पुन्हा वर छत घालायचं, मॅनहॅटनच्या कठीण खडकात. १९०३ मध्ये याच मजुरांनी संप केला. लोक म्हणायचे की हे संपफोडेच असतात, यांना संघटना कळत नाही. संपाने तो समज मोडला. आपण रोज ज्या बोगद्यातून कामावर जातो तो कुणी खणला हे निदान माहीत असावं असं मला वाटतं.

जुनी वही

रानवाऱ्याने पुरुषांचं काम लिहिलं, मी बायकांचं लिहिते.

आधी घरातलं. खोलीत एकच खिडकी उजेडाची. तिच्याजवळ टेबल ओढलेलं, आई, दोन-तीन मुलं, कधी आजी, आणि टेबलावर कागदी-कापडी पाकळ्यांचा ढीग. टोपीवर लावायची खोटी फुलं करायची. मुलगी देठाला गोंद लावते, धाकटा पाकळ्या सुट्या करतो. पैसे ग्रोसवर, म्हणजे बारा डझनांवर, तेही काही सेंट. छायाचित्रकार लुईस हाईनने १९१० च्या आसपास काढलेले असे कितीतरी फोटो आहेत. अक्रोड-बदाम फोडून सोलणाऱ्या कुटुंबांचेही आहेत. मुलांचे डोळे बघा त्यात. कॅमेऱ्याकडे बघतानाही हात थांबलेले नसतात.

मुलगी चौदा-पंधराची झाली की कारखान्यात. २५ मार्च १९११, शनिवार, सुटीची वेळ जवळ आलेली. वॉशिंग्टन स्क्वेअरच्या पूर्वेला ॲश बिल्डिंगच्या आठव्या, नवव्या आणि दहाव्या मजल्यावर ट्रँगल नावाचा ब्लाउज शिवायचा कारखाना होता. आठव्या मजल्यावर कपड्यांच्या चिंध्यांनी पेट घेतला. नवव्या मजल्यावरचा एक दरवाजा कुलूपबंद होता. बाहेरचा लोखंडी जिना माणसांच्या भाराने कोसळला. अग्निशमन दलाची शिडी सहाव्या मजल्यापर्यंतच पोचत होती. १४६ माणसं गेली, बहुतेक ज्यू आणि इटालियन मुली. एका इटालियन घरातली आई आणि तिच्या दोन्ही मुली गेल्या. धाकटी चौदा वर्षांची होती. डिसेंबरात दोन्ही मालक निर्दोष सुटले.

यात दोन नावं मला मुद्दाम सांगायची आहेत: जोसेफ झिटो आणि गास्पार मोर्तिल्लारो. दोघे लिफ्ट चालवणारे, दोघेही इटालियन स्थलांतरित. धूर आणि आग दिसत असताना ते लिफ्ट पुन्हा पुन्हा वर नेत राहिले, जोवर लिफ्ट चालेना झाली तोवर. त्या दिवशी वाचलेल्यांतले फार मोठ्या संख्येने लोक त्या दोघांमुळे वाचले. लोक माफियांची नावं तोंडपाठ सांगतात, ही दोन नावं कुणाला येत नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं.

त्या इमारतीवर २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये कायमचं स्मारक झालं. पोलादी पट्टीत सगळ्यांची नावं कोरलेली आहेत, मजकूर इंग्रजी, यिडिश आणि इटालियन अशा तीन भाषांत. मरण पावलेल्यांत ज्यू मुली जास्त होत्या. त्या आगीनंतर दोन्ही समाजांच्या बाया कामगार संघटनेत एकत्र आल्या. १९१९ मध्ये इटालियन शिवणकाम करणाऱ्या बायांची स्वतंत्र शाखा निघाली, लोकल ८९. पुढे ती देशातल्या सर्वात मोठ्या कामगार शाखांपैकी एक झाली.

आजोळ

जुनी वही, __/\__ शब्द नाहीत.

सांदीकोपरा

सगळं वाचतोय, माहितीपूर्ण. पण माफियाचा विषय टाळून इटालियन न्यूयॉर्कचा इतिहास पूर्ण कसा होईल? लकी लुचियानो, पाच घराणी, हे सगळं याच गल्ल्यांतून आलं ना?

नदीकाठ

टाळायचं काहीच कारण नाही. फक्त बळी कोण होतं तिथून सुरुवात करू.

१९०० च्या सुमारास 'ब्लॅक हँड'च्या चिठ्ठ्या यायच्या. काळ्या हाताचा ठसा, खाली रक्कम, दिली नाही तर दुकान उडवू किंवा पोरगं उचलू. या चिठ्ठ्या जायच्या त्या इटालियन बेकरीवाल्याला, किराणावाल्याला, न्हाव्याला. गायक एन्रिको कारूसोलाही अशी धमकी आली होती. श्रीमंत अमेरिकन माणसाला त्यांच्यापासून फारसा धोका नव्हता.

आणि त्यांच्याशी लढणाराही इटालियनच. जो पेत्रोसिनो, जन्म पादुला गावचा, १८८३ मध्ये न्यूयॉर्क पोलिसात. त्याने इटालियन बोलणाऱ्या पोलिसांचं पथक उभं केलं, कारण इतर पोलिसांना या वस्तीतलं बोलणंच कळत नव्हतं आणि लोकांचा त्यांच्यावर विश्वासही नव्हता. गुन्हेगारांच्या जुन्या नोंदी मिळवायला तो सिसिलीला गेला आणि १२ मार्च १९०९ ला पालेर्मोच्या चौकात त्याला गोळ्या घातल्या. न्यूयॉर्कमध्ये त्याच्या अंत्ययात्रेला रस्ते भरून माणसं लोटली. मल्बेरी स्ट्रीटच्या जवळच त्याच्या नावाचा छोटासा चौक आहे.

लुचियानो वगैरे मंडळी मोठी झाली ती १९२० नंतरच्या दारूबंदीत. ते खरं आहेच. पण १९३० मध्ये शहरात इटलीत जन्मलेले आणि त्यांची मुलं मिळून १० लाखांहून जास्त माणसं होती. त्यातल्या मूठभरांच्या नावाने बाकी सगळ्यांना ओळखणं मला अन्यायाचं वाटतं, आणि तो अन्याय त्या काळी वर्तमानपत्रंही रोज करत होती.

तळटीप

इथे आपला सरळ संबंध येतो म्हणून लिहितो.

१९१७ चा कायदा. एकाच कायद्यात दोन गोष्टी होत्या. एक, लिहितावाचता येण्याची परीक्षा. तिचा रोख मुख्यतः दक्षिण आणि पूर्व युरोपातल्या गरिबांवर. दोन, आशियाचा मोठा पट्टा आखून तिथल्या लोकांना पूर्ण बंदी, आणि त्या पट्ट्यात हिंदुस्थान होता. इटालियन आणि आपण एकाच कागदावर नको ठरलो.

मग १९२१ ला देशवार कोटा आला आणि १९२४ च्या कायद्याने इटलीचा वाटा वर्षाला ३,८४५ वर आणला. १९०७ चा नदीकाठ यांनी दिलेला आकडा शेजारी ठेवून बघा. दार बंदच केलं म्हणायचं. परत जायचं आणि पुन्हा यायचं हा जो मजुरांचा फेरा होता तो तिथे संपला. जे इथे होते त्यांनी बायकामुलांना आणलं आणि कायमचं बस्तान बसवलं.

दुसऱ्या महायुद्धात इटली शत्रू झाल्यावर नागरिकत्व न घेतलेले सुमारे ६ लाख इटालियन 'शत्रू परकीय' ठरले. कुणाचा मुलगा अमेरिकन सैन्यात, आणि त्याच्या आईला बोटांचे ठसे देऊन ओळखपत्र बाळगावं लागतंय. १२ ऑक्टोबर १९४२ ला हा शिक्का काढला.

कोटा संपला १९६५ मध्ये. त्या कायद्यामागे ब्रुकलिनचे खासदार इमॅन्युएल सेलर होते, ज्यांनी १९२४ च्या कायद्याला नवखे असताना विरोध केला होता. ३ ऑक्टोबर १९६५ ला अध्यक्ष जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवीच्या पायथ्याशी सही केली. इटलीतून नव्याने माणसं आली ती ब्रुकलिनच्या बेन्सनहर्स्टमध्ये. चिनी कुटुंबं वाढली आणि कॅनॉल स्ट्रीट ओलांडून मल्बेरीपर्यंत गेली. आणि आपल्यातले इथे असलेले जवळपास सगळे याच दारातून आत आले. आपल्या मंडळांच्या कार्यक्रमांत हा कायदा कधीतरी मुलांना सांगायला हवा.

निंबोणी

तळटीप, हे शाळेत शिकवत नाहीत. माझ्या मुलीला आज वाचून दाखवलं.

आजोळ

मी इथे शिक्षिका आहे, म्हणून शाळेची बाजू.

एलिस बेटावर, म्हणजे न्यूयॉर्क बंदरातल्या स्थलांतरितांच्या तपासणी केंद्रात, कारकुनांनी नावं बदलली असं सर्रास सांगतात. तिथले कारकून बोटीच्या यादीवरून नाव वाचायचे. ती यादी युरोपातल्या बंदरात तयार व्हायची. नावं बदलली ती नंतर: कामावर, दुकानाच्या पाटीवर आणि शाळेत. लेनर्ड कोव्हेल्लो हे याचं उदाहरण. बाझिलिकातातल्या आविल्यानो गावचा मुलगा, १८९६ मध्ये नऊ वर्षांचा असताना ईस्ट हार्लेमला आला. आडनाव कोव्हिएल्लो. शाळेतल्या बाईंनी उच्चाराला सोपं म्हणून त्यातलं एक अक्षर काढून टाकलं. घरी प्रगतिपुस्तक पाहिल्यावर वडील संतापले. मुलगा त्या दोन नावांच्या मधे उभा.

पुढे हाच मुलगा शिक्षक झाला आणि न्यूयॉर्कच्या शाळांत फ्रेंच-स्पॅनिशच्या बरोबरीने इटालियन शिकवावी म्हणून घरोघरी फिरून पालकांच्या सह्या गोळा केल्या. १९२२ मध्ये शिक्षण मंडळाने मान्यता दिली. १९३४ मध्ये ईस्ट हार्लेममध्ये बेंजामिन फ्रँकलिन हायस्कूल निघालं, त्याचे ते पहिले मुख्याध्यापक, १९५६ पर्यंत. शाळा संध्याकाळी पालकांसाठी उघडी. ज्या वस्तीत 'पोराला शिकवून आपल्यापासून तोडतात' अशी भीती होती, तिथे त्यांनी शाळाच वस्तीत नेली. माझ्या मते या धाग्यातला सगळ्यात मोठा माणूस हा. महापौर ला गार्डियापेक्षाही.

रानवारा

ला गार्डियाला इतकं मागे टाकू नका हो :) वडील दक्षिण इटलीचे कॅथलिक, आई त्रिएस्तेची ज्यू, स्वतः प्रोटेस्टंट. महापौर व्हायच्या कितीतरी आधी, १९०७ ते १९१०, एलिस बेटावर दुभाष्या म्हणून नोकरी केली. आजारी म्हणून परत पाठवल्या जाणाऱ्या माणसांची रड रोज ऐकली. मग ईस्ट हार्लेमचा खासदार, आणि १९३४ ते १९४५ शहराचा महापौर. हातगाड्या रस्त्यावरून काढल्या, पण गाडीवाल्यांना वाऱ्यावर नाही सोडलं. १९३६ मध्ये पार्क अव्हेन्यूच्या रेल्वेपुलाखाली आणि १९४० मध्ये ब्रॉन्क्सच्या आर्थर अव्हेन्यूवर मंडई बांधून दिली. आर्थर अव्हेन्यूची मंडई अजून चालू आहे. तिथे भाजी घेताना मला मल्बेरीपेक्षा जास्त इटली भेटते, जरी आता बरीच दुकानं अल्बेनियन लोकांची असली तरी.

जुनी वही

एक अवघड प्रश्न विचारते. ज्यांनी इतका दुस्वास सोसला त्यांनी नंतर आलेल्यांना कसं वागवलं? ईस्ट हार्लेम आज पोर्तो रिकन लोकांचं म्हणून ओळखलं जातं.

नदीकाठ

विचारलंत ते बरं केलं. चांगलं वागवलं नाही, निदान सगळ्यांनी नाही. पोर्तो रिकन कुटुंबं पश्चिमेकडून सरकत आली तशा गल्ल्यांच्या हद्दी पडल्या. पोरांच्या मारामाऱ्या व्हायच्या. १९४५ मध्ये कोव्हेल्लोंच्याच शाळेत इटालियन आणि काळ्या मुलांत मोठी हाणामारी झाली. मुलांशी बोलायला इटालियन वंशाचा गायक फ्रँक सिनात्राला बोलावलं होतं. तो त्यांना आपला वाटायचा, म्हणून.

पण उलटं उदाहरणही त्याच गल्ल्यांतलं. व्हितो मार्कान्तोनिओ. ईस्ट हार्लेममध्येच जन्मला, आयुष्यभर तिथेच राहिला, डाव्या विचारांचा खासदार. इटालियन आणि पोर्तो रिकन दोन्ही त्याचे मतदार. त्याच्या कचेरीत दोघांची रांग एकच. काळ्या लोकांच्या हक्कांसाठी आणि कोरियातल्या युद्धाविरुद्ध तो काँग्रेसमध्ये जवळजवळ एकटा उभा राहिला. १९५० ला पडला. १९५४ मध्ये रस्त्यातच हृदयविकाराने गेला, आणि चर्चने त्याला कॅथलिक विधींनी दफन नाकारलं. ज्या वस्तीच्या मातेचा उत्सव तो लहानपणापासून बघत आला, तिथल्या माणसांनी तरी त्याला हजारोंनी निरोप दिला.

वस्ती मोडली ती मात्र पोर्तो रिकन लोकांमुळे नाही. १९४० ते १९६० च्या दरम्यान सरकारी घरबांधणीसाठी गल्ल्याच्या गल्ल्या जमीनदोस्त केल्या. घर मिळायला उत्पन्नाची मर्यादा, त्यामुळे जरा बरं कमावणारं इटालियन कुटुंब बाहेर. खालच्या मजल्यावरचं दुकान, समोरचा क्लब, कोपऱ्यावरचा बेकरीवाला, सगळं एका फटक्यात गेलं. लोक ब्रॉन्क्सला गेले, क्वीन्सला गेले. १९६४ ला व्हेराझानो पूल झाल्यावर ब्रुकलिनवाले स्टेटन आयलंडला गेले, आणि शहराच्या पाच विभागांमध्ये आज इटालियन वंशाच्या लोकांचं प्रमाण सर्वात जास्त तिथेच आहे.

तळटीप

इटालियन दर्यावर्दी कोलंबसच्या पुतळ्यावरून हल्ली जो वाद चालतो त्याबद्दल एक भर. कोलंबस सर्कलचा स्तंभ १८९२ चा. कार्लो बारसोत्ती या वर्तमानपत्राच्या मालकाने वाचकांकडून वर्गणी काढून उभारला. त्याच्या आदल्या वर्षी, १४ मार्च १८९१ ला, न्यू ऑर्लिन्सच्या तुरुंगात घुसून जमावाने ११ इटालियनांना ठार केलं होतं. त्यात कोर्टाने सोडलेलेही होते. इटलीने राजदूत परत बोलावला, अमेरिकेने २५,००० डॉलर भरपाई दिली. इटालियन मजुरांनी स्तंभासाठी आपल्या रोजातून जे सेंट दिले ते 'आम्हीही इथले' एवढं सांगायला. कोलंबसने कॅरिबियनमध्ये काय केलं ते भयानकच होतं आणि त्याला पूजण्याचं समर्थन मी करणार नाही. पण त्या वर्गणीमागची भीती समजून न घेता वाद घालणाऱ्यांशी माझं जमत नाही.

सांदीकोपरा

ब्रुकलिनबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. विल्यम्सबर्गमध्ये जुलैत जिल्यो उचलतात, ते मी पाहिलंय. नोला गावच्या लोकांनी १९०३ पासून चालवलेला उत्सव. संत पाउलिनोसाठी साधारण सात मजली उंच मनोरा, कागदी फुलांनी आणि संतांच्या मूर्तींनी मढवलेला, टोकाला संत पाउलिनो. खाली चौथऱ्यावर अख्खा बँड आणि गायक बसलेले. आणि हे सगळं शंभराहून जास्त माणसं खांद्यावर घेतात.

समोर कापो, म्हणजे म्होरक्या, काठी घेऊन उभा असतो. त्याने हाक दिली की सगळे गुडघ्यात वाकून दांड्याखाली खांदा लावतात, बँड सूर धरतो, ठरलेल्या ठोक्याला मनोरा जमिनीवरून सुटतो. टोक वर डुलतं. काही पावलं नाचवत नेतात, मग पुन्हा ठोक्यावर एकदम खाली. तो आवाज पोटात बसतो. वर्षानुवर्षं उचलणाऱ्यांच्या खांद्यावर गाठ आलेली असते आणि ते ती अभिमानाने दाखवतात. माझ्याशेजारी उभ्या बाईंचा नवरा, मुलगा आणि नातू तिघेही खाली होते. घर कधीच लाँग आयलंडला गेलंय, पण जुलैत सगळे इथे येतात.

निंबोणी

मग आता माउंट कार्मेलच्या उत्सवाला हार्लेममध्ये कोण येतं? होतो का अजून? पुढच्या जुलैत आईला न्यायचा विचार आहे, तिला चालायला त्रास आहे.

नदीकाठ

होतो. जुनी इटालियन कुटुंबं उपनगरांतून येतात, आणि आता सगळ्यात मोठ्या संख्येने येतात ते हैतीचे लोक. त्यांच्या देशातही याच मातेचा १६ जुलैचा मोठा उत्सव असतो, सो-दो इथल्या धबधब्याजवळ. इथे आल्यावर त्यांना तीच माता ११५व्या रस्त्यावर सापडली.

आईंसाठी: ६ नंबरची सबवे ११६व्या रस्त्यापर्यंत जाते, पण तिथून नदीच्या दिशेने तीन-चार मोठे चौक चालावं लागतं, आणि उन्हात ते जड जाईल. टॅक्सीने थेट ११५व्या रस्त्यावर, फर्स्ट आणि प्लेझंट अव्हेन्यूच्या मध्ये उतरा. मिरवणूक निघायच्या वेळी आसपासचे रस्ते बंद असतात, म्हणून तासभर आधी पोचा आणि आत बाकावर जागा धरा. मेणबत्ती तिथेच मिळते.